लोकांचा पैलवान

आमच्या मोहल्ल्यात एक पैलवान होते. त्यांचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांची मुले-नातवंडे आजही वाशिम जिल्ह्यातच आहेत आणि मी जे लिहिणार आहे ते त्यांना कौतुक वाटेल की अपमान, हे मला ठरवता येत नाही. त्यांना डाव फार येत नव्हते. धोबीपछाड आणि ढाक, एवढीच त्यांची पुंजी. आखाड्याचे खलिफा त्यांच्यावर नेहमी चिडत. पण आमदंगलीच्या दिवशी हलगी वाजू लागली की लोक विचारत ते याच पैलवानांना. त्यांच्यापेक्षा सरस कुस्ती करणारे दोन-तीन तरुण त्याच आखाड्यात होते. त्यांची कुस्ती लोक बघत, टाळ्या वाजवत आणि विसरून जात. यांची कुस्ती मात्र हरली तरी आठवडाभर चहाच्या टपरीवर चाले.

लहानपणी मला याचे कोडे वाटे. लोकांना उत्तम पैलवान आवडायला हवा, मग हा मधलाच कसा आवडतो? पुढे कुस्तीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा लक्षात आले, की हे कोडे आमच्या मोहल्ल्यापुरते नाही. मोठ्या मैदानांवरही लोकांचा लाडका पैलवान आणि डावांचा उस्ताद पैलवान हे बहुधा दोन वेगळे गृहस्थ असतात. आणि लोकांचे प्रेम कोणाच्या वाट्याला येते व कोणाच्या वाट्याला दगड येतात, यातही एक इतिहास दडलेला आहे.

महाराष्ट्रात कुस्तीच्या विद्येचे माहेर म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले. रोमचे जुने क्रीडागार पाहून आल्यावर त्यांच्या मनात तसे मैदान बांधण्याचे आले आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्याच्या उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात झाली, असे कोल्हापूरकर अभिमानाने सांगतात. इमामबक्ष म्हणजे थोर गामा पैलवानांचे धाकटे भाऊ. महाराजांच्या दरबारात पैलवानाची जात किंवा धर्म विचारला जात नसे, त्याचा डाव पाहिला जात असे. आपल्या समाजातील अनेक पैलवानांना कोल्हापूरने खुराक, आसरा आणि इज्जत दिली, हे आपण कृतज्ञतेने आठवले पाहिजे. तेथील प्रेक्षकही जाणकार. कुठला डाव कोणत्या तोडीने सुटला, हे शेवटच्या रांगेतला शेतकरीसुद्धा सांगत असे.

याच मातीत खाशाबा जाधव तयार झाले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. अंगाने लहान, पण चपळाई आणि डावपेच असे की भले भले गोंधळून जात. आता गंमत पाहा. 1950 आणि 60 च्या दशकात वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात जाऊन विचारले असते की देशातला सर्वात मोठा पैलवान कोण, तर किती जणांनी खाशाबांचे नाव घेतले असते? उत्तर एकच आले असते – दारासिंग.

दारासिंगांचा जन्म 1928 चा, अमृतसर जिल्ह्यातला. 1954 मध्ये ते रुस्तम-ए-हिंद झाले आणि 1968 मध्ये मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जगज्जेते म्हणून गाजले. सुमारे दोनशे किलो वजनाच्या किंग काँगशी त्यांच्या झुंजी म्हणजे तिकीट लावून भरलेला उरूसच. मातीतल्या वस्तादांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. फ्रीस्टाइलच्या नावाने होणाऱ्या धंदेवाईक कुस्त्यांपैकी बऱ्याचशा आधी आखलेल्या असत, आखाड्याच्या भाषेत नूरा कुस्ती. त्यात डावापेक्षा उचलून फेकण्याला महत्त्व. पण लोकांना त्याचे काय? 1962 मध्ये ‘किंग काँग’ आणि 1963 मध्ये ‘फौलाद’ हे चित्रपट आले आणि तंबूतल्या टॉकीजमधून दारासिंग खेडोपाडी पोहोचले. शक्तिवान पण सभ्य, पाडणारा पण न उतणारा माणूस लोकांनी त्यांच्यात पाहिला. त्यांना 2003 मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व मिळाले. खाशाबांचे 1984 मध्ये अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मरणोत्तर. विद्येला उशीर झाला, लोकप्रेम वेळेवर पोहोचले.

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण जाणतात. पण याच काळातले एक नाव आपण विसरलो होतो, आणि विसरणाऱ्यांत आपला समाजही होता. ते नाव हमीदा बानू.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातल्या. अलीगढच्या सलाम पैलवानांकडे त्या तयार झाल्या, म्हणून वर्तमानपत्रे त्यांना ‘अलीगढची ॲमेझॉन’ म्हणत. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. त्या काळी बायका बायकांशी कुस्ती खेळतील अशी सोय नव्हती, म्हणून त्या पुरुषांशी खेळत. 1954 मध्ये त्यांनी जाहीर आव्हान दिले: जो मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याच्या पैलवानांना त्यांनी हरवले. मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या. तेथे ज्या पैलवानाशी कुस्ती ठरली होती त्याने बाईशी लढणार नाही म्हणून ऐन वेळी अंग काढून घेतले. मग बाबा पैलवान पुढे आले आणि एक मिनिट चौतीस सेकंदांत कुस्ती निकाली झाली. बाबा पैलवान चीत. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या वेरा चिस्तिलिन हिला त्यांनी एका मिनिटाच्या आत पाडले.

त्यांचा खुराक वर्तमानपत्रांत छापून येई: पाच लिटरांहून अधिक दूध, मटण, कोंबडी, बदाम, लोणी, अंडी, वर बिर्याणी. तीनशेवीस कुस्त्या जिंकल्याचा त्यांचा दावा होता. त्या खरोखर किती तरबेज होत्या? जाणकारांची शंका जुनीच आहे. समोरचे पैलवान मुद्दाम पडतात, ठेकेदार ‘डमी’ उभे करतात, असे तेव्हाही बोलले जाई. त्या कुस्त्यांमध्ये सगळेच खरे होते असे मी म्हणणार नाही. पण हीच शंका दारासिंगांच्या फ्रीस्टाइलबद्दलही होती. तिथे लोकांनी ती हसून सोडून दिली. इथे काय झाले?

कोल्हापूरला हमीदा बानूंनी सोमासिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवले तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. ज्या गावाने इमामबक्षला डोक्यावर घेतले, त्याच गावात ही घटना घडली. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती, कुस्तीच्या संघटनेने परवानगी न दिल्यामुळे रद्द झाली. मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली. त्यांनी मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. उत्तर आले की ही बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही, डमी पैलवान उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. आपला वाशिम त्या वेळी अकोला जिल्ह्याचा तालुका आणि अकोला जुन्या मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. म्हणजे मुंबईचा हुकूम इथे चालत नव्हता. तरी हमीदा बानूंचे नाव या भागात दारासिंगांसारखे रुजले नाही. त्यांचा चित्रपट नव्हता, त्यामुळे तंबूतल्या टॉकीजपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत.

पुढे युरोपात जाऊन लढण्याचा त्यांचा बेत होता. घरच्यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार सलाम पैलवानांना ते मान्य नव्हते आणि त्यापायी हमीदा बानूंना मारहाणही सोसावी लागली. मग त्या कुस्तीच्या जगातून दिसेनाशा झाल्या. कल्याणला राहून दुधाचा धंदा केला, शेवटी रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थही विकले. 1986 मध्ये त्यांचे निधन झाले. 2024 च्या मे महिन्यात गूगलने त्यांचे चित्र आपल्या पहिल्या पानावर लावले तेव्हा कित्येक मुसलमान घरांत विचारले गेले, ही कोण?

आखाड्यावरचे प्रेम कधी कधी न्यायही करते. त्याचेही एक उदाहरण देतो. 1976 च्या जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलींशी पंधरा फेऱ्या लढून बरोबरी करणारा जपानचा अंतोनिओ इनोकी त्याच वर्षी डिसेंबरात कराचीला आला. समोर इमामबक्षांचे चिरंजीव अक्रम पैलवान. इनोकीने त्यांचा हात मुरगळून निकामी केला. घराण्याची इज्जत मातीत मिळाली. तीन वर्षांनी, 1979 च्या जूनमध्ये, लाहोरला इनोकीसमोर उभा राहिला तो इमामबक्षांचा नातू जुबैर उर्फ झारा. वय अगदीच कोवळे. अनुभवात आणि पकडीच्या विद्येत इनोकी कितीतरी पुढे होता. पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही. तेव्हा इनोकीनेच झाराचा हात धरून वर उचलला. स्टेडियम उभे राहिले. झारा 1991 मध्ये ऐन तिशीत वारला, पण तो उचललेला हात लोक विसरले नाहीत. पुढे 1990 मध्ये इनोकीने इस्लाम स्वीकारला आणि 2014 मध्ये झाराच्या पुतण्याला तालमीसाठी तो जपानला घेऊन गेला.

आता पुन्हा आमच्या मोहल्ल्यातल्या पैलवानांकडे येतो. एकदा मंगरूळपीरकडच्या एका दंगलीत ते अर्धा तास खाली दबून होते. वरच्या पैलवानाला डाव येत होते, यांना एकही सुचत नव्हता. पण पाठ काही लागेना. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. उठल्यावर यांनी समोरच्याच्या अंगावरची माती स्वतःच्या हाताने पुसली आणि त्याला गळ्याशी लावले. लोकांनी त्या दिवशी दोघांनाही इनाम दिले. लोक कशावर जीव टाकतात, हे मला त्या दिवसाचा विचार करताना कळते. डाव सगळ्यांना समजत नाहीत. चीत व्हायला नकार देणे मात्र प्रत्येकाला समजते. रोज हमालीत, शेतात, करघ्यावर, घरात दबून असलेल्या माणसाला ते जास्तच समजते.

म्हणूनच हमीदा बानूंची गोष्ट टोचते. चीत न होण्याची तीच जिद्द एका बाईने दाखवली तेव्हा लोकांना ती समजली नाही, किंवा समजली म्हणूनच दगड उचलले गेले. त्यांच्या विद्येचा हिशेब त्या काळात कोणी नीट केला नाही. जिंकल्या तरी डमी, आणि हरल्या असत्या तर बाईमाणूस.

आज आपल्या जिल्ह्यातल्या मुली कॉलेजातून गादीवरच्या कुस्तीला उतरतात. त्यांत आपल्याही मुली आहेत. त्यांच्या आयांनी मला कधी विचारले की हे आपल्यात चालते का, तर मी त्यांना कल्याणच्या रस्त्यावर दूध विकणाऱ्या एका वृद्ध पैलवान बाईची गोष्ट सांगतो. आणि वाचकहो, तुमच्या घरात एखादे बुजुर्ग अजून असतील तर त्यांना आज रात्री जेवणानंतर विचारा, तुमचा आवडता पैलवान कोण होता, आणि का. उत्तर वहीत उतरवून ठेवा. डाव शिकवणारी पुस्तके मिळतात. ही उत्तरे त्या बुजुर्गांबरोबर कबरस्तानात जातात.