गोठवणाऱ्यांचे पूर्वाश्रम

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरी एड होप नावाचा गृहस्थ केसांचे टोप बनवून विकायचा. १९६०च्या दशकाच्या मध्यावर त्याने एक अजब जोडधंदा काढला: माणसाचं प्रेत मावेल एवढ्या टाक्या. दुहेरी भिंतींचं आडवं पिंप, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी आणि आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन. कंपनीचं नाव ‘क्रायो-केअर’. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात ग्लेनडेल इथे जेम्स बेडफर्ड हा ७३ वर्षांचा मानसशास्त्राचा प्राध्यापक कर्करोगाने वारला. विज्ञान पुढे गेलं की परत उठवतील, या आशेवर गोठवला गेलेला तो पहिला माणूस. त्याच्यासाठी टाकी आली ती या टोपवाल्याकडून.

त्या दिवशी जमलेली मंडळीही होपला शोभणारीच होती. पुढारी रॉबर्ट नेल्सन, म्हणजे टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या हौशी क्रायोनिक्सवाल्यांनी, म्हणजे पुन्हा उठवण्याच्या आशेवर प्रेतं गोठवू पाहणाऱ्यांनी, आदल्याच वर्षी त्याला आपला अध्यक्ष केलं होतं. सोबत रॉबर्ट प्रेहोडा हा विज्ञानलेखक आणि दांते ब्रुनोल हा डॉक्टर. खुद्द बेडफर्डने हयातीत व्यवसाय-मार्गदर्शनावर पुस्तकं लिहिली होती. कुणी कोणता धंदा धरावा हे लोकांना सांगण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याच्या वाट्याला अखेरीस अशी मंडळी आली, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याला झोडपलंच असतं.

मग ज्यांचं हे काम, ते कुठे होते? अतिशीत तापमानात पेशी टिकवण्याचं शास्त्र तेव्हा पाळण्यातलं राहिलं नव्हतं. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांनी ग्लिसरॉल घालून गोठवलेले शुक्राणू पुन्हा हालते करून दाखवले होते. त्याच विद्येवर पुढे महाराष्ट्रातल्या गोठ्यांपर्यंत गोठवलेलं वीर्य पोहोचलं. उरळी कांचनच्या ‘बाएफ’ने हे काम खेडोपाडी नेलं आणि नायट्रोजनचं पिंप गावोगावच्या पशुपालकांच्या ओळखीचं झालं. पण शुक्राणू ही एक सुटी पेशी. अख्ख्या मेंदूत पाण्याचे स्फटिक झाले की पेशींची काय दशा होते, हे त्या शास्त्रज्ञांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय प्रेतं गोठवणाऱ्यांच्या पंक्तीला बसलेलं दिसलं तर अनुदान आणि अब्रू दोन्ही जाण्याची धास्ती. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘सोसायटी फॉर क्रायोबायॉलॉजी’ने १९८२ मध्ये नियमच केला: मृत माणसं गोठवण्याच्या उद्योगात असलेल्याला सभासदत्व नाही. घरमालकानेच दार लावून घेतल्यावर अंगणात मांडव घातला तो भलत्याच लोकांनी.

या सगळ्याचा मूळपुरुष रॉबर्ट एटिंजर हा पेशाने मास्तर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत जबर जखमी होऊन त्याने कित्येक वर्षं इस्पितळात काढली. नंतर डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि गणित शिकून मिशिगनमधल्या हायलंड पार्कच्या कॉलेजात तो पदार्थविज्ञान शिकवू लागला. लहानपणी वाचलेल्या विज्ञानकथांनी डोक्यात किडा सोडला होता. आपल्याहून मोठा, नावाजलेला कुणी शास्त्रज्ञ हा विषय हाती घेईल म्हणून तो वर्षानुवर्षं वाट बघत राहिला. १९६० मध्ये त्याने ‘हूज हू’मधली सुमारे दोनशे थोर नावं निवडून त्यांना पत्रंही धाडली. फारसं कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी त्याने स्वतःच पुस्तक लिहिलं. १९६२ मध्ये पदरमोड करून छापलं आणि १९६४ मध्ये ‘डबलडे’ने ते देशभर नेलं. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाँ रोस्ताँ याची त्याला प्रस्तावना होती. बेडूक-शुक्राणूंवरच्या ग्लिसरॉलच्या प्रयोगांमुळे रोस्ताँ हा या विषयातला खराखुरा जाणकार होता. तेवढं एक प्रमाणपत्र एटिंजरला मिळालं.

न्यूयॉर्कमधल्या गोठवणाऱ्यांच्या संघटनेचा कर्ता होता कर्टिस हेंडरसन हा वकील. ‘क्रायोनिक्स’ हे नावसुद्धा १९६५ मध्ये कार्ल वर्नर या औद्योगिक डिझाइनच्या विद्यार्थ्याने सुचवलेलं. उत्साहाची कमतरता कुणाकडेच नव्हती. कमतरता होती ती हिशेबाची.

ती सगळ्यात महाग पडली नेल्सनला. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थच्या दफनभूमीत त्याने जमिनीखाली एक तळघर केलं आणि तिथे टाक्या ठेवल्या. नातेवाइकांकडून दरमहा पैसे यायचे आणि त्यातून नायट्रोजन भरायचा, असा साधा बेत. दुःख ताजं असेतो पैसे आले, नंतर आटले. नायट्रोजन मात्र रोज उडत असतो. त्याला उधारी कळत नाही. पैसे पुरेनात म्हणून नेल्सनने एकाच टाकीत अनेक देह कोंबले, पंप बंद पडले आणि तो नातेवाइकांना खरं सांगू शकला नाही. १९७९ मध्ये तळघर उघडलं गेलं तेव्हा नऊ देह वितळून गेले होते. १९८१ मध्ये न्यायालयात नेल्सन आणि त्याच्यासोबतचा अंत्यविधी व्यावसायिक यांच्यावर लाखो डॉलरच्या भरपाईचा निकाल लागला. यात विज्ञानाचा प्रश्न कुठेच आला नाही. एखादा अनुभवी भिशीवाला किंवा पतपेढीचा कारकून त्या समितीत असता, तर त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं असतं, पुढचे पैसे कोण भरणार? त्यानंतरच्या संस्थांनी सगळी रक्कम आगाऊ घ्यायला सुरुवात केली, बहुतेक वेळा आयुर्विम्यातून. विमा एजंट हा या क्षेत्रातला महत्त्वाचा माणूस झाला तो असा.

बेडफर्ड वाचला, कारण त्याचा देह नेल्सनकडे राहिलाच नाही. कुटुंबीयांनी तो ताब्यात घेतला, एका कंपनीकडून दुसरीकडे हलवला आणि काही वर्षं तर भाड्याच्या गोदामात ठेवून स्वतःच नायट्रोजन भरला. १९८२ मध्ये तो ‘अल्कोर’कडे आला.

‘अल्कोर’ ही इंजिनियराची निर्मिती. फ्रेड चेंबरलेन हा नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. १९७२ मध्ये त्याने पत्नी लिंडासह ही संस्था काढली. अल्कोर म्हणजे सप्तर्षींतली आपली अरुंधती, जी दिसते का यावरून पूर्वी नजर पारखत. नावापासूनच ही मंडळी मोजमापाची. माहिती मेंदूत असते, मग बाकीचा देह कशाला, हा तर्क इंजिनियरालाच सुचावा: १९७६ मध्ये चेंबरलेनच्या वडिलांचं फक्त शिर जतन केलं गेलं. ऐकताना अंगावर काटा येतो, पण खर्चाच्या दृष्टीने बिनतोड!

तरी खरा बदल केला तो इस्पितळातल्या दुय्यम फळीने. जेरी लीफ हा व्हिएतनाम युद्धातून आलेला, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात छातीच्या शस्त्रक्रियांच्या संशोधनात काम करणारा. हृदय-फुप्फुस यंत्र कसं जोडायचं, रक्त काढून त्याजागी द्रावण कसं खेळवायचं, हे त्याच्या हातात बसलेलं होतं. माइक डार्विन हा डायलिसिस तंत्रज्ञ. नळ्या, पंप, क्षारांचं प्रमाण, दर काही मिनिटांनी नोंद: डायलिसिसच्या खोलीतली ही शिस्त त्याने प्रेत गोठवण्याच्या कामात जशीच्या तशी आणली. १९८०च्या दशकात दोघांनी मिळून कुत्र्यांचं रक्त काढून, त्यांना गोठणबिंदूच्या जवळ नेऊन, काही तासांनी पुन्हा जिवंत केलं. हे गोठवणं नव्हे, फक्त थंड करणं. पण टीव्ही दुरुस्तीच्या दिवसांपासून हा उद्योग किती पुढे आला ते त्यातून दिसतं. लीफ १९९१ मध्ये हृदयविकाराने गेला आणि त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला टाकीत ठेवलं.

एवढं असूनही एक जागा रिकामी होती, आणि ती डिसेंबर १९८७ मध्ये भोवली. सॉल केंट या जुन्या कार्यकर्त्याची ८३ वर्षांची आई डोरा हिचं शिर ‘अल्कोर’ने वेगळं केलं. मृत्यू झाल्याचं सांगायला त्या वेळी तिथे डॉक्टर हजर नव्हता. रिव्हरसाइडच्या शवचिकित्सा अधिकाऱ्याला संशय आला की बाई तेव्हा जिवंत होत्या. जानेवारी १९८८ मध्ये पोलिसांचा छापा पडला, काही जणांना बेड्या पडल्या. पण शिर मात्र सापडलं नाही, कुणीतरी आधीच हलवलं होतं. शेवटी न्यायालयाने ‘अल्कोर’च्या बाजूने कौल दिला. तंत्रज्ञांनी डॉक्टरचं सगळं काम शिकून घेतलं होतं, फक्त त्याची सही त्यांच्याकडे नव्हती.

एटिंजरच्या मिशिगनमधल्या ‘क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट’ने वेगळी वाट धरली. १९७६ मध्ये निघालेल्या या संस्थेत पहिली रुग्ण म्हणून एटिंजरची आईच १९७७ मध्ये दाखल झाली. इथे शल्यचिकित्सेचा थाट नव्हता. रक्तवाहिन्यांत द्रावण भरायला अंत्यविधी करणारा व्यावसायिक बोलावत. प्रेताला मसाला भरणाऱ्याच्या हाताला रोहिणी शोधण्याची सवय असतेच, मग महागडा सर्जन कशाला? २००४ मध्ये राज्य सरकारने या संस्थेला दफनभूमीचा परवाना घ्यायला लावला, यात त्यामुळे फारसं नवल नाही.

शीतजीवशास्त्रज्ञांपैकी निव्वळ विज्ञानाच्या बळावर दोन्ही घरी वावरलेला माणूस म्हणजे ग्रेगरी फाही. १९८५ मध्ये त्याने विल्यम रॉल याच्यासह उंदराचे भ्रूण बर्फाचा कणही न होऊ देता काचेसारखे घट्ट करून दाखवले. तीच पद्धत आज मुंबई-पुण्याच्या वंध्यत्व उपचार केंद्रांत बीजांडं आणि भ्रूण जपायला वापरतात, आणि २००० नंतर ‘अल्कोर’ने तीच मेंदूसाठी घेतली. पहिल्या उपयोगातून हजारो मुलं जन्मली. दुसऱ्यातून अजून कुणी उठलेलं नाही. दरम्यान संगणकवाले आले. सार्वजनिक किल्लीच्या गूढलेखनाचा एक जनक राल्फ मर्कल ‘अल्कोर’च्या संचालक मंडळावर बसला, आणि २०११ पासून जवळपास दशकभर संस्थेची सूत्रं मॅक्स मोर या तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरकडे होती.

अलीकडची यादीही सरळ नाही. बर्लिनची ‘टुमॉरो’ ही संस्था एमिल केन्झिओरा या वैद्यकाची पदवी घेतलेल्या उद्योजकाने काढली; तिचे देह स्वित्झर्लंडच्या राफ्झ गावी ठेवतात. ऑस्ट्रेलियात होलब्रूक या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूरच्या गावात ‘सदर्न क्रायोनिक्स’ने २०२४ मध्ये पहिला देह दाखल करून घेतला. तिचा संस्थापक पीटर त्सोलाकिडिस याची नोकरी तेल कंपनीच्या विपणन विभागात झालेली. पहिल्या देहाच्या वेळी त्याच्या मदतीला सिडनीचे अंत्यविधी व्यावसायिकही होते.