चेहरा न मागणारे दान

जुलै लागला की अमरावतीच्या राजकमल चौकात काय नि अकोल्याच्या टिळक रोडवर काय, सीएच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब, ऐंशी-जीची पावती जोडली आहे." पावती मंदिराची असते, गोरक्षणाची असते, शाळेच्या इमारत निधीची असते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईच्या किंवा मुलीच्या सोबतीला उभ्या राहणाऱ्या संस्थेची पावती त्या फायलीत क्वचितच दिसते. अशा कामासाठी कराच्या रिटर्नमध्येच ऐच्छिक देणगीची एक ओळ छापावी, असे कोणी सुचवले, तर चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींत तो विचार तिथल्या तिथे मोडीत निघतो. ही सूचना योग्य आहे आणि तिच्यावरचे आक्षेप टिकत नाहीत, असे माझे मत आहे. ते मांडण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी सांगायला मी बांधील आहे.

पूर्वपक्ष असा. एक, पीडितेची काळजी घेणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. नागरिकाने कर भरलेला असताना त्याच कामासाठी वर दान मागणे म्हणजे सरकारला हात झटकायला मोकळे करणे. दोन, पैशाची उणीवच नाही. दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर 2013 च्या अर्थसंकल्पात 1000 कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला आणि त्यातला पैसा खर्चच होत नाही, अशी तक्रार संसदेपर्यंत गेली. तीन, ऐच्छिक ओळीतून चिल्लर जमते. चार, या विषयाला आपल्याकडे देणगी मिळत नाही. लोक अन्नदानाला देतील, याला देणार नाहीत. आक्षेप घेणारी माणसे दुष्ट नाहीत. पहिले दोन आक्षेप तर न्यायबुद्धीतून आलेले आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात. काटेपूर्णा धरण भरले म्हणून कालव्याच्या टोकावरच्या शेतात पाणी पोचले असे होत नाही, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. निर्भया निधी हा प्रकल्पांचा पैसा आहे. त्यातून 112 ची आपत्कालीन यंत्रणा उभी राहिली, रेल्वे स्थानकांवर कॅमेरे लागले, 1 एप्रिल 2015 पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरची योजना सुरू झाली. ही कामे गरजेची होती. पण धारणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या मुलीला त्या पहिल्या आठवड्यात काय लागते ते पाहा. अमरावतीपर्यंतचा दीडशे किलोमीटरच्या आसपासचा घाटरस्ता, सेमाडोह आणि परतवाडा पार करून. सोबत येणाऱ्या आईची बुडालेली मजुरी. पोलिसांनी अंगावरचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतल्यावर घालायला दुसरा जोड. कोरकू भाषा समजणारे माणूस. रात्री मुक्काम. नंतर दंडाधिकाऱ्यापुढचा जबाब, आणि पुढे तारखेमागून तारीख. यातल्या बहुतेक गोष्टी 'प्रकल्प' या शीर्षाखाली बसत नाहीत. सरकारी निधी न खर्चता पडून राहणे आणि त्या मुलीच्या आईकडे परतीचे बसभाडे नसणे, ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. वर साचलेला पैसा पाहून खाली गरज नाही असे म्हणणे हा तर्कदोष आहे.

यावर कोणी म्हणेल की भरपाईची योजना तर आहेच. आहे, आणि तिचे मोल मी कमी करत नाही. महाराष्ट्राने ऑक्टोबर 2013 मध्ये 'मनोधैर्य' सुरू केली. आज ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत चालते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत बलात्कारपीडितेसाठी किमान 4 लाख नि कमाल 7 लाख रुपये धरले आहेत. मुलांच्या बाबतीत 2020 च्या पॉक्सो नियमांनुसार बाल कल्याण समितीला अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी विशेष मदतीची शिफारस करता येते आणि ती रक्कम आठवड्याच्या आत द्यावी असे त्यांत म्हटले आहे. नियम उत्तम आहे, पण तो अठरा वर्षांखालच्यांसाठी. सज्ञान बाईला अंतरिम मदतीची तरतूद आहे, तिथेही अर्ज, कागद आणि आदेश यांची वाट चालावीच लागते. भरपाईचा रस्ता एफआयआरवरून किंवा न्यायालयातल्या तक्रारीवरून जातो. जी बाई अजून तक्रार द्यायला धजावलेली नाही, तिचे काय? आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पोलिस तक्रार नसली तरी उपचार द्यायचे. कायद्यानेही सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर मोफत उपचारांचे बंधन घातले आहे. एचआयव्हीपासून बचावाचे औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावे लागते. भरपाई ही खटल्याच्या वाटेवरची मदत आहे, आणि बहात्तर तास त्या वाटेच्या आधी येतात. त्या तासांत तिच्याजवळ बसणाऱ्या कार्यकर्तीचा पगार कोणत्या भरपाईतून निघणार?

आता पहिला आक्षेप : दान दिले की सरकार सुटते. कागदावर हे पटते, महाराष्ट्राचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. 1975 साली या राज्याने व्यवसाय कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या योजनेला शहरातल्या पगारदाराच्या खिशातून ठरावीक हेतूचा पैसा मिळू लागला. त्याने सरकार सुटले का? उलट 1977 चा कायदा झाला, काम मागणे हा हक्क ठरला आणि 2005 मध्ये देशाने तो कित्ता गिरवला. कर आणि दान एक नाहीत, हे मी विसरलेलो नाही. पण दोघांना लागू पडणारा धडा एकच आहे. कामाचे नाव लिहून दिलेला पैसा विचारणारा माणूस तयार करतो. सरकारच्या एकत्रित तिजोरीत गेलेल्या रुपयाचा हिशेब कोणी मागत नाही. 'लैंगिक अत्याचारपीडितांच्या सोबतीसाठी' असे शीर्षक असलेल्या ओळीत शंभर रुपये टाकणारा शिक्षक वर्षअखेरीस विचारेल की त्याचे काय झाले. सरकारला टोचणारी ही माणसे आज नाहीत. ती या ओळीतून निर्माण होतील.

विदर्भाने तर याचा अनुभव घेतला आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा नावाच्या मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या आरोपातून मथुरा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, तेव्हा 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गावोगावच्या स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. तो बदल कोणत्याही सरकारी योजनेच्या पैशाने झाला नाही. माणसांनी स्वतःचा वेळ आणि स्वतःची पदरमोड घातली आणि त्यातून सरकारवरची जबाबदारी वाढली. स्वेच्छेने केलेले काम सरकारला मोकळे करते, हे विधान आपल्याच मातीत खोटे ठरलेले आहे.

तिसरा आक्षेप चिल्लरीचा. याला परदेशातला दाखला आहे आणि तो पूर्वपक्षाच्या बाजूने वाटतो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 1977 मध्ये वन्यजीवांसाठी रिटर्नवर अशी ओळ पहिल्यांदा छापली. मग अनेक राज्यांनी ती पद्धत उचलली. कॅलिफोर्नियात तर बलात्काराच्या तपासातले न तपासलेले नमुने मार्गी लावण्यासाठीही असा निधी झाला. तिथे नियम आहे की वर्षाला अडीच लाख डॉलर जमले नाहीत तर ओळ फॉर्मवरून जाते. अनेक ओळी अशा गेल्याही. पण त्या का जातात? एकाच फॉर्मवर वीस-वीस कामांची गर्दी होते आणि देणारा गोंधळतो. हा दोष गर्दीचा आहे, ओळीचा नाही.

आणि चिल्लर म्हणजे किती? समजा अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून फक्त दहा हजार लोकांनी वर्षाला शंभर रुपये दिले. दहा लाख झाले. महिना वीस हजारांवर दोन पूर्णवेळ सोबतिणी नेमल्या तर 4 लाख 80 हजार. उरलेल्या 5 लाख 20 हजारांत हजार रुपये खर्चाच्या पाचशे वीस फेऱ्या : रुग्णालयाच्या, न्यायालयाच्या, समुपदेशनाच्या. दिल्लीच्या हिशेबात ही रक्कम दिसणारही नाही. डफरीन किंवा लेडी हार्डिंग रुग्णालयाच्या ओसरीवर रात्री एकट्या बसलेल्या मायलेकींना ती दिसेल.

चौथा आक्षेप म्हणतो की या विषयाला देणगी मिळत नाही. हे वर्णन बरोबर आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. देणगी का मिळत नाही ते बघू. दान मागण्याची आपली सगळी रीत चेहऱ्यावर उभी आहे. अनाथ मुलाचा फोटो छापतात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा छापतात, दुष्काळातल्या शेतकऱ्याचा छापतात. चेहरा पाहून माणूस हेलावतो आणि खिशात हात घालतो. या एका दुःखाला मात्र चेहरा दाखवता येत नाही, दाखवूही नये. भारतीय न्याय संहितेचे कलम 72 पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा सांगते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात तर दुरूनही ओळख पटेल असे काही छापू नका असे बजावले. म्हणजे जे काम कायद्यानेच अदृश्य ठेवायचे आहे, ते दृश्यावर चालणाऱ्या दानपद्धतीत उपाशी राहणार हे ठरलेलेच. लोकांचे मन कोरडे असल्याचा हा पुरावा नाही. मागण्याची रीत या दुःखाला बसत नाही, इतकेच यातून सिद्ध होते.

माझे मंडन इथून सुरू होते. फॉर्मवरची ओळ चेहरा मागत नाही. ती कोणाची कहाणी सांगत नाही, मेणबत्ती मोर्चा निघण्याची वाट पाहत नाही. एखादी भीषण बातमी आली की पैशाचा पूर येतो आणि महिन्याभरात तो आटतो. खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. ओळ दरवर्षी, ठरल्या वेळी, बातमी असो नसो, समोर येते. देणाऱ्यालाही ती आडोसा देते. "याच कामाला का दिलेस?" असे घरात वा दुकानात कोणी विचारत नाही. देणाऱ्या बाईला स्वतःचे काही आठवून द्यावेसे वाटले, तर तेही तिच्यापाशीच राहते. याच वऱ्हाडात शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकवर्गणीतून. वर्गणी देणाऱ्याने तिथे कोण उतरणार हे विचारले नव्हते. येणाऱ्याला छप्पर हवे, एवढे त्याला पुरेसे होते.

मार्गही नवा शोधायचा नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2018 च्या योजनेत पीडित भरपाई निधीत दानशूर संस्था आणि व्यक्ती यांच्या देणग्या घेण्याची सोय लिहिलेलीच आहे. दार आहे, तिथवर जाणारी पायरी नाही. आयकराचा फॉर्म दिल्लीच्या हाती आहे, पण व्यवसाय कर महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असे वर्षाचे 2500 रुपये पगारातून कापले जातात. घटनेच्या अनुच्छेद 276 ने या कराला 2500 ची मर्यादा घातली आहे. पण स्वेच्छेची देणगी हा कर नसल्याने ती मर्यादा इथे आड येत नाही. अमरावती आणि अकोला महापालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर, आणि बिगर-निवासी मालमत्ता असेल तर रोजगार हमी करही, आपण भरतोच. त्याखाली एक ऐच्छिक ओळ छापायला किती शाई लागेल? नव्या करप्रणालीत ऐंशी-जीची वजावट मिळत नाही, म्हणून दान आटेल अशी भीती असेल, तर शंभर रुपयांच्या ओळीला वजावटीची गरजच नाही.

अटी मात्र कडक हव्यात, नाहीतर पहिला आक्षेप खरा ठरेल. या निधीमुळे सरकारी तरतुदीतला एक रुपयाही कमी होणार नाही, हे शासननिर्णयात लिहिलेले असावे. पैसा जिल्ह्यातच राहावा आणि इमारत, कॅमेरा, जाहिरात यांवर खर्च होऊ नये. तो माणसांवर आणि प्रवासावर व्हावा. मदतीसाठी एफआयआरची अट नसावी. हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा, त्यात किती फेऱ्या, किती रात्री, किती पगार हे यावे, नाव एकही येऊ नये.

सरकारने सगळे करावे ही मागणी मी सोडत नाही, कोणी सोडूही नये. पण ती पूर्ण होईपर्यंत त्या मुलीने एकटीने घाट उतरावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून वाचकहो, यंदा कागद घेऊन सीएकडे जाल तेव्हा अशा कामाची एक पावती फायलीत असू द्या. आणि मालमत्ता कराचे बिल आले की आपल्या नगरसेवकाला, आपल्या आमदाराला विचारा : ही ओळ या बिलावर केव्हा छापणार?