सहीची गिटार आणि तिचा लिलाव

लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिची मान स्क्रूने जोडलेली असे आणि बिघडलेला भाग सहज बदलता येई. पुढची अनेक वर्षे जुनी गिटार म्हणजे नुसता वापरलेला माल होता. इंग्लंडचे वादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून अशा सहा गिटारी स्वस्तात घेतल्या. तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग जुळवून ‘ब्लॅकी’ ही काळी गिटार तयार केली.

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यानंतर दर्जा घसरल्याची तक्रार वादक करू लागले आणि आधीच्या गिटारींना भाव चढला. पण भावाने खरी उडी घेतली ती वादकाच्या नावामुळे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर १९९० मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात १ लाख ९८ हजार पौंडांना गेली. क्लॅप्टन यांनी १९९९ मध्ये अँटिग्वातील आपल्या व्यसनमुक्ती केंद्रासाठी न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावगृहात शंभर गिटारी विकल्या. ‘लैला’ हे त्यांचे गाणे जिच्यावर ध्वनिमुद्रित झाले ती ‘ब्राउनी’ त्यातच होती. तिला ४ लाख ९७ हजार ५०० डॉलर आले. २००४ मध्ये ‘ब्लॅकी’ ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली.

नुसत्या सह्यांच्या बळावर मोठी किंमत आल्याचे ठळक उदाहरण दोहा येथले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतनिधीसाठी गायक ब्रायन अॅडम्स यांनी एका स्ट्रॅटोकास्टरवर मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, पॉल मॅकार्टनी, जिमी पेज, डेव्हिड गिल्मर अशा रॉक संगीतातल्या दिग्गजांच्या सह्या मिळवल्या. २००५ मध्ये तिला २७ लाख डॉलर मिळाले. ती कोणत्याही गाजलेल्या मैफलीत वाजलेली नव्हती. ही रक्कम दानाची होती, बाजारभाव नव्हे, असेच म्हणायला हवे. गिल्मर यांची ‘ब्लॅक स्ट्रॅट’ मात्र वर्षानुवर्षे वाजवलेली. २०१९ मध्ये ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली आणि तो पैसा त्यांनी पर्यावरणाच्या कामाला दिला.

सही करायला एक क्षण पुरतो आणि खोटी करायलाही. शिवाय ती बहुधा पिकगार्डवर, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीवर असते. ही पट्टी स्क्रू काढून दुसऱ्या गिटारवर बसवता येते. म्हणून जाणकार सहीच्या आधी अनुक्रमांक, जुन्या छायाचित्रांत दिसणारे ओरखडे, लाकडाच्या रेषा, सही करतानाचा फोटो आणि मालकीची पत्रे तपासतात. मार्करची शाई उन्हाने फिकटते, पॉलिशने पुसली जाते. अशी गिटार विकायला काढणाऱ्याने ती चकचकीत करू नये आणि तिच्यासोबतचा एकही कागद टाकून देऊ नये.