खिशातला कॅमेरा आणि बापूंची अट

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "अरे, कॅमेरा कुठला घेऊ?" कॉम्प्युटरवाला म्हटलं की याला लॅपटॉपपासून टोस्टरपर्यंत सगळं कळतं अशी आपल्या मंडळींची ठाम समजूत असते. त्याला इलाज नाही! यंदा मात्र प्रश्न जरा नेमका होता. एक काका दोन नावं कागदावर लिहूनच घेऊन आले होते. एक रिको जीआर थ्री (२०१९ चं मॉडेल, त्यांना सेकंडहँड मिळत होतं) आणि दुसरा २०२४ साली आलेला फुजीफिल्म एक्स-१००-सिक्स. "दोन्ही लहान, दोन्हींचा सेन्सर तेवढाच मोठा, आणि झूम दोन्हींना नाही. मग फरक कसला? आणि झूम नसलेल्या कॅमेऱ्याला एवढे पाउंड कशाला मोजायचे?"

हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन याचं उत्तर देता येईना. कारण हे भांडण काकांना वाटतं त्यापेक्षा बरंच जुनं आहे, आणि त्यातला सर्वात रंगतदार भाग आपल्याकडे, वर्ध्याला आणि पुण्याला घडलेला आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

आधी सेन्सरचं थोडक्यात सांगतो. पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि शेजारी एक परात ठेवा. तासाभराने दोन्हींत पाण्याची उंची सारखीच भरेल, पण परातीत एकूण पाणी कितीतरी जास्त असेल. सेन्सरचं नेमकं हेच आहे. काकांच्या यादीतल्या दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. आपण २००५-०६ च्या सुमारास भारतात जाताना घेऊन जायचो ते खिशातले डिजिटल कॅमेरे आठवा, त्यांच्या सेन्सरच्या हा तेरा-चौदापट मोठा आहे. म्हणून मंडळाच्या अंधाऱ्या हॉलमध्ये तेव्हाच्या फोटोत सगळ्यांच्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे ठिपके यायचे. परात मोठी असली की ते ठिपके कमी.

पण परात खिशात मावत नाही, खरी अडचण ही. मोठा सेन्सर हवा असेल तर त्याला भिंगही मोठं लागतं. झूम टाकलं, की ते भिंग आटोक्यात येतं. म्हणजे झूम नसणं ही कंपनीची कंजुषी नाही, काका, तो सौदा आहे. आणि हा सौदा पहिल्यांदा झाला तो फिल्मच्या काळात.

जर्मनीतल्या वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा तंत्रज्ञ होता. सूक्ष्मदर्शक यंत्रं बनवणारा हा कारखाना. त्या काळचे चांगले कॅमेरे म्हणजे काचेच्या प्लेटा, ट्रायपॉड, सगळा बाडबिस्तरा! बारनाकने सिनेमाची फिल्म घेतली, तिच्यावरची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटरची केली आणि त्याभोवती मुठीत मावेल असा कॅमेरा बांधला. पहिला नमुना १९१४ च्या सुमाराचा. मग महायुद्ध आलं, आणि लायका या नावाने तो बाजारात आला १९२५ साली, लाइपझिगच्या जत्रेत. एका रोलवर ३६ फोटो, भिंग आत ढकललं की कोटाच्या खिशात.

चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने वेगळं उत्तर काढलं, ते म्हणजे रोलिफ्लेक्स. एकावर एक दोन भिंगं असलेला डबा. वरचं भिंग बघायला, खालचं फोटोला. फिल्मवरची चौकट ५६ बाय ५६ मिलिमीटर. गुणाकार करून बघा, लायकाची चौकट ८६४ चौरस मिलिमीटर, रोलिफ्लेक्सची ३१३६, म्हणजे साडेतीनपटीहून जास्त. पंचवीस सेंटिमीटरचा चौकोनी फोटो करायचा तर रोलिफ्लेक्सची निगेटिव्ह साडेचारपट वाढवावी लागते आणि लायकाची दहापटीहून जास्त. साहजिकच लायकाच्या फोटोत रवाळपणा जास्त. उलट रोलिफ्लेक्सला रोलमध्ये फोटो १२ च, आणि वजन किलोच्या आसपास. तरीही प्लेटांच्या कॅमेऱ्यापुढे तो लहानच म्हणायचा.

इथल्या एका कार बूट सेलमध्ये मला रोलिफ्लेक्सचा स्वस्त धाकटा भाऊ, म्हणजे एक जुना रोलिकॉर्ड मिळाला होता. तो हातात घेतल्यावर एक गोष्ट कळली, जी कुठल्याही आकडेवारीत नसते. कॅमेरा डोळ्याला लावायचाच नसतो. तो पोटापाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, माणूस डावीकडे गेला की आपण भलतीकडेच वळतो, पहिले दोन रोल असेच वाया गेले. पण समोरच्याला आपला चेहरा दिसत राहतो, आणि फोटो काढणारा थोडा वाकलेला असतो, नमस्कार करताना वाकतो तसा. लायका डोळ्याला लागते आणि अर्धा चेहरा झाकते. लायकावाला शिकाऱ्यासारखा दिसतो. (लायकाप्रेमींनी रागावू नये!)

आता वर्ध्याकडे. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला आले, पुढे गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्यांच्या नात्यातला नातू लागणारा विशीतला कनू गांधी तिथे बापूंच्या कचेरीत काम करायचा. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्याच्या मनात फोटोग्राफीचं वेड भरलं. पण कॅमेऱ्याला आश्रम पैसे देईना. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून एक रोलिफ्लेक्स आणि फिल्मचा रोल आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, कोणालाही पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रमाच्या पैशातून या छंदाला काही मिळणार नाही.

इंजिनिअरच्या नजरेने या अटी बघा, म्हणजे त्यांची गंमत कळेल. मातीच्या भिंतींची, बुटकी, आत अंधार असलेली कुटी. त्या काळची फिल्म आजच्या आयएसओ १०० च्या आसपास किंवा त्याहून मंद. फ्लॅश नाही. समोरचा माणूस तुमच्यासाठी क्षणभरही थांबणार नाही. फिल्म महाग, रोलमध्ये बाराच फोटो. आजचा कुठलाही प्रोजेक्ट मॅनेजर ही रिक्वायरमेंट बघून "जमणार नाही" असं ईमेल पाठवेल! पण या कामाला रोलिफ्लेक्स अगदी चपखल होता. मोठी निगेटिव्ह असल्यामुळे कमी प्रकाशातल्या फोटोतही तपशील उरायचा. शटरचा आवाज जवळजवळ नाही. आणि जमिनीवर बसलेल्या बापूंसमोर आपणही बसून कॅमेरा पोटाशी धरला की भिंग नेमकं त्यांच्या उंचीला येतं. कनूच्या फोटोतले गांधी आपल्याला नोटेवरच्या गांधींपेक्षा जवळचे वाटतात, त्यात या बसण्याचाही वाटा असावा असं मला वाटतं.

याच्या शेजारी पुण्याची गोष्ट ठेवा. १९४६ साली 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला पुण्यात आल्या. गांधीजी तेव्हा डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात होते, म्हणजे आजचं ताडीवाला रोडवरचं बापू भवन. पुणे स्टेशनला उतरून आपण कितीदा तिथून गेलो असू! बाईंना आधी चरखा चालवायला शिका असं सांगण्यात आलं. त्या शिकल्या. मग मोठ्या मिनतवारीने फक्त तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा साधला, आणि जगप्रसिद्ध झालेला तो चरख्याचा फोटो जन्माला आला. फोटो अप्रतिम आहे, वादच नाही. पण तो पाहुण्याने काढलेला फोटो आहे. कनूचा फोटो घरातल्याचा.

आणि लायका? ती दोन वर्षांनी दिल्लीत दिसते. ३० जानेवारी १९४८ ला फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटला, आपल्या फोटोंचं पुस्तक त्यांना दाखवलं आणि निघाला. थोड्याच वेळात गांधीजींना गोळ्या घातल्याची बातमी आली आणि तो परत धावला. १९३२ पासून तो लायका वापरत होता, फ्लॅश कधी नाही. त्या संध्याकाळी फाटकावर उभं राहून पंडित नेहरू जमावाला गांधीजी गेल्याचं सांगताहेत, तो त्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर दिव्यांच्या उजेडातला, रवाळ, थोडा हललेला. आमच्या इथल्या कॅमेरा क्लबात परीक्षकांनी नापास केला असता. पण रोलिफ्लेक्सच्या काचेत उलटं चित्र बघत, गर्दीचे धक्के खात हा फोटो मिळाला असता का, शंका आहे. तिथे हवा होता डोळ्याला लागणारा, एका हातात मावणारा, ३६ फोटोंचा कॅमेरा.

त्याच रात्री बर्क-व्हाइटही तिथे होत्या. दुपारीच त्यांनी गांधीजींची मुलाखत घेतली होती. कॅमेरा लपवून त्या आतल्या खोलीत शिरल्या आणि पार्थिवाचा फोटो फ्लॅश टाकून काढला. शोकात बसलेले लोक संतापले, त्यांच्या कॅमेऱ्यातली फिल्म काढून घेतली गेली. त्या एका लखलखाटाने त्या बाहेर पडल्या. कनू गांधी त्या दिवशी दिल्लीत नव्हताच, तो बापूंनीच सुरू केलेल्या कामावर नोआखालीत होता.

म्हणून काका, "चांगला कुठला?" हा प्रश्न मला पटत नाही. १९५१ मध्ये इथल्याच 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकाच्या बर्ट हार्डीने ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी कठड्यावर बसलेल्या दोन मुलींचा, वाऱ्याने झगे उडताहेत असा फोटो काढला. महागडा कॅमेरा लागत नाही हे दाखवायला त्याने मुद्दाम साधा बॉक्स ब्राउनी वापरला होता. भरपूर ऊन, स्थिर बसलेली माणसं, आणि डब्यातली मोठी फिल्म, मग ब्राउनीला अडचण कसली? सेवाग्रामच्या कुटीत त्याने काहीच दाखवलं नसतं.

आता तुमचे दोघे. जीआर थ्री २५७ ग्रॅमचा, खरोखर पँटच्या खिशात जातो. भिंग २८ मिलिमीटरसारखं, रुंद, एफ २.८. फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवता येतं, मग बटण दाबलं की फोटो. रस्त्यावरची माणसं, गावची जत्रा, एसटी स्टँड, धावती मुलं यासाठी उत्तम. त्याला डोळ्याला लावायची खिडकी नाही, मागच्या पडद्यावरच बघायचं. भर उन्हात त्याचा वैताग येतो, पण चेहरा झाकला जात नाही. म्हणजे आकाराने लायका, आणि वागायला रोलिफ्लेक्स! बॅटरी मात्र यथातथाच, लग्नाला नेलात तर दोन जादा ठेवा. एक्स-१००-सिक्स ५२१ ग्रॅम, दुप्पट वजन. दिसायला जुन्या लायकाच्या वळणाचा, डोळ्याला लावायला सुरेख खिडकी. भिंग ३५ मिलिमीटरसारखं, एफ २, म्हणजे जीआरच्या दुप्पट प्रकाश आत येतो. माणसांचे फोटो, बारसं, हॉलमधला कार्यक्रम, नाटक, तिथे हाच बरा. गळ्यात अडकवलात की लोक "छान आहे हो कॅमेरा" म्हणतात आणि मग पोझ देतात, हा त्याचा दोष समजा किंवा गुण. एक्स-१००-सिक्सला छोटा फ्लॅश आहे, जीआर थ्रीला नाहीच. बापूंची पहिली अट आपोआप पाळली जाते.

माझ्याकडे जीआर आहे, पण मी तुम्हाला फुजी घ्या असंच सांगेन, कारण तुम्हाला नातवंडांचे फोटो घरात काढायचे आहेत आणि तुमचा हात थोडा कापतो. खिडकीला कपाळ टेकवलं की कॅमेरा स्थिर राहतो.

एक गोष्ट मात्र रांगेत बोलता आली नसती. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या. कनू तिथे होता, कॅमेरा होता. त्यांच्या अखेरच्या क्षणांचा फोटो काढायला बापूंनी त्याला परवानगी दिली नाही. इतकी वर्षं न थांबता ज्यांचे फोटो काढले, त्यांनी तिथे नाही म्हटलं.

२०२२ साली मी सांगलीला गेलो तेव्हा माझे आजोबा अंथरुणावर होते. खोलीत एकच ट्यूबलाइट, तीही पलीकडच्या भिंतीवर. आजोबांचा हात आईच्या हातात होता आणि ती खिडकीकडे बघत होती. कॅमेरा खिशात होता. फ्लॅश नाही, आवाज नाही, कोणाला कळलंही नाही. फोटो चांगला आला आहे, रवा अजिबात नाही, आजोबांच्या हातावरच्या शिरासुद्धा मोजता येतात. विचारायचं मात्र मी कोणालाच विचारलं नव्हतं. तो माझ्या हार्ड डिस्कवर आहे, आईला अजून दाखवलेला नाही.