‘नैसर्गिक’ औषधाची कुळकथा

चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटणे गाव आहे. तेथील देवीच्या देवळातला शिलालेख 1865 च्या सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, ही हकीकत त्यात आहे, आणि शिक्षकमंडळींना ती ठाऊकच असेल. पण हेच भाऊ दाजी पेशाने डॉक्टर होते आणि महारोगावर देशी वनस्पतीचा उपचार त्यांनी रोग्यांवर करून पाहिला होता, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. आजचा विषय त्या दुसऱ्या भाऊ दाजींच्या वाटेवरचा आहे.

बाईची पाळी जाण्याचे वय आपल्याकडे सरासरी 46-47 चे. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने लुगडे भिजते, झोप उडते. चारचौघांत हे बोलायचे नाही, म्हणून बाई गुपचूप बाजारातून डबी आणते. डबीवर लिहिलेले असते, ‘नैसर्गिक हार्मोन, दुष्परिणाम नाही.’

आता हा ‘नैसर्गिक’ शब्द जरा तपासू या. पाळी गेल्यावर बायकांना देण्यासाठी 1942 साली अमेरिकेत प्रेमारिन नावाच्या गोळीला मान्यता मिळाली. ती गाभण घोडीच्या मुतापासून बनवीत. हसू नका, याहून नैसर्गिक काय असणार? लाखो बायकांनी ती घेतली. 1975 साली दिसून आले की केवळ हे स्त्री-हार्मोन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग जास्त होतो. मग जोडीला दुसरे हार्मोन देऊ लागले. 2002 साली तिकडे 16,608 बायकांवर चाललेली त्या जोडीची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गाठी वाढलेल्या आढळल्या. पुढे मत थोडे सौम्य झाले. पाळी नुकतीच गेलेल्या, फार त्रास असलेल्या बाईला डॉक्टर तपासून हे औषध आजही देतात. पण ही अक्कल मोजूनमापून आली, नावावरून नाही.

दुसरी गोष्ट रानकंदाची. आपले कोनफळ असते ना, त्याच कुळातल्या मेक्सिकोतल्या कंदापासून रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने 1940 नंतरच्या काळात प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन तयार केले. ते काम भट्टीचे आणि रसायनांचे. आपले शरीर ते करू शकत नाही. तरी त्या कंदाचे मलम ‘हार्मोन’ म्हणून विकले जाते!

आपल्या देशात कायदा उशिरा जागा झाला. भेसळीच्या औषधांची ओरड झाली तेव्हा 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली गेली. तिच्यामागून 1940 चा औषध कायदा आला, पण आयुर्वेदीय व युनानी औषधे त्याच्या बाहेर राहिली. 1954 च्या कायद्याने पाळीच्या विकारांवर व स्त्रीरोगांवर औषधाची जाहिरात करण्यास मनाई केली. देशी औषध बनवण्यास परवाना हवा, ही तरतूद 1964 च्या दुरुस्तीने आली. वैद्याने स्वतःच्या रोग्यासाठी घरी केलेल्या औषधाला मात्र त्यातून सूट आहे. ग्रंथोक्त औषधाला त्याच दुखण्यासाठी सुरक्षिततेची नवी चाचणी करून दाखवावी लागत नाही. म्हणजे परवाना असला तरी सगळे सिद्ध झाले असे नव्हे, हे सांगणे भाग आहे.

शिवाय आता ‘पूरक आहार’ म्हणून विकलेल्या डब्या आहेत. त्यांच्यावर अन्नखात्याचा 14 आकडी क्रमांक असतो. ते अन्न, औषध नव्हे. रोग बरा होतो असे त्यावर लिहिण्यास परवानगी नाही.

शतावरी, सोयाबीन, जवस घरात खाल्ले तर कोणाची तक्रार नाही. पण त्यांचा अर्क भरलेली डबी, पूर्वी स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रोजची गोळी चालू असलेल्या बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट मात्र आईला, मावशीला, शाळेतल्या बाईंना घरोघर सांगावी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ‘विटाळ परत आला’ म्हणून कोणतीही डबी उघडू नये. चाळीसगावच्या सरकारी दवाखान्यात त्याच आठवड्यात दाखवावे, आणि घेत असलेली डबी सोबत न्यावी.