वर्धा ते खैरलांजी : हिंसेच्या आधी शिक्षक कुठे असतो?

१/ आजचा धागा भंडारा जिल्ह्याविषयी आहे. विषय जड आहे आणि त्याचा आरंभ करायचा तर एका तारखेपासूनच करावा लागतो : २९ सप्टेंबर २००६. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. जमिनीचा वाद आणि एका मारहाण प्रकरणात दिलेली साक्ष ही त्यामागची पार्श्वभूमी होती. कुटुंब दलित, बौद्ध होते.

२/ सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले; सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा दिली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील आरोप मात्र सिद्ध झाल्याचे मानले गेले नाही. न्यायालय घटनेनंतर येते. घटनेच्या आधी, माणसाच्या मनात द्वेष मुरत असताना, तिथे कोण असते?

३/ ‘हिंसक अतिरेकीवाद’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बॉम्ब, बंदुका आणि गुप्त संघटना येतात. पण त्याचा गाभा पाहिला तर दोन समजुती आढळतात : काही माणसांच्या जिवाचे मोल कमी आहे, आणि त्यांना ‘धडा शिकवणे’ न्याय्य आहे. या समजुतींना संघटनेची गरज नसते; त्या शेजाऱ्याच्या ओसरीवरही वाढतात. म्हणून शिक्षकाची तयारी हा प्रश्न जुना आहे. विदर्भात तर तो नव्वद वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

४/ २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्या ठरावांवरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरमध्ये अहवाल सादर केला. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम आणि हस्तोद्योग हा केंद्रबिंदू, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यातील दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत.

५/ पहिली, समितीने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वेगळा विचार केला : तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तातडीच्या गरजेसाठी एक वर्षाचा. दुसरी गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष जवळची. सामाजिक शास्त्रे शिकवताना जगातील सर्व धर्मांविषयी आदर वाढावा आणि भर अहिंसेवर व सहकार्यावर असावा, अशी अपेक्षा होती. इतिहासाचा तास हा सूडाची शिदोरी बांधून देण्याचा तास नव्हे, हे तिथे ओळखले गेले होते.

६/ भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. या प्रांताचे शिक्षणमंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना आणली. गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, अशी ही कल्पना. या शाळांच्या शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्यालाच प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले.

७/ इथे इतिहास आपल्याला चकवतो. सलोख्यासाठी आखलेली ही योजना तिच्या नावामुळेच वादात सापडली. ‘मंदिर’ हा शब्द मुसलमान मुलांच्या शाळेवर का, असा आक्षेप मुस्लिम लीगने घेतला. १९३८ च्या पीरपूर अहवालातील काँग्रेसविरोधी तक्रारींत विद्यामंदिराचाही समावेश होता. आक्षेपामागे राजकारण होतेच. पण हेतू शुद्ध असला तरी आपला शब्द दुसऱ्याच्या कानाला कसा लागतो, हे योजनाकारांनी आधी विचारून पाहिले नव्हते, हेही तितकेच खरे. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेमागचे राजकीय बळ सरले.

८/ दुसरी मर्यादा जातीची. सेवाग्रामात सफाईपासून सूतकताईपर्यंत सर्व कामे सर्वांनी करायची होती आणि जातींच्या उतरंडीला तो धक्काच होता. तरीही टीकाकारांचा प्रश्न रास्त होता : ज्यांच्या पिढ्या हातकामालाच जखडल्या गेल्या, त्यांना पुन्हा हातकामच का? डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून उच्च शिक्षणाची वाट धरली. याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक त्यांनी लढवली आणि ते हरले. दोन वर्षांनी नागपूरला धर्मांतर झाले. या जिल्ह्यातील शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर आपल्या वर्गातील अर्ध्या घरांचा इतिहास त्याला ठाऊक नाही.

९/ जिल्ह्याची आणखी एक बाजू. १ मे १९९९ पर्यंत आजचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातच होता. त्याच्या पूर्व टोकाच्या देवरी, सालेकसा भागात नक्षलवादी चळवळीची झळ पोहोचली. अशा मुलखात शिक्षकाची अवस्था कात्रीत सापडल्यासारखी असते : एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला संशय. ‘कोण कोणाकडे जातो’ हे सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून झाली, की मुलांचा त्याच्यावरचा विश्वास संपतो.

१०/ हाच पेच पुढे जगभर उभा राहिला. ब्रिटनमध्ये जुलै २०१५ पासून शाळांवर कायदेशीर कर्तव्य आले : अतिरेकाकडे झुकणारी मुले ओळखा आणि कळवा. पुढच्याच वर्षी तिथल्या एका मोठ्या शिक्षक संघटनेने या धोरणाला उघड विरोध केला. मुले बोलेनाशी होतील, ही तिची भीती होती. त्याच २०१६ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी मार्गदर्शिका काढली. तिचा रोख वेगळा : वादग्रस्त विषय टाळू नका, वर्गात ते सुरक्षितपणे बोलता यावेत अशी तयारी करा. एका वाटेवर शिक्षक पहारेकरी होतो, दुसऱ्या वाटेवर सोबती.

११/ आपल्याकडे या कामासाठी नवी इमारत बांधावी लागणार नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची, म्हणजे ‘डाएट’ची, योजना आली. प्रश्न आहे तो तिथे काय शिकवायचे याचा. वर्गात एखाद्या मुलाने जातिवाचक शिवी दिली, तर फक्त छडी उगारायची, फक्त दुर्लक्ष करायचे, की तास थांबवून त्या शब्दाचा इतिहास उलगडायचा? यातला तिसरा मार्ग सरावाशिवाय जमत नाही. सद्भावनेने तर मुळीच नाही. विद्यामंदिराने ते दाखवून दिले आहे.

१२/ साधने तर हाताशीच आहेत. पवनी याच जिल्ह्यात. १९६९-७० च्या उत्खननात तिथल्या जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. आज पवनी देवळांसाठी ओळखली जाते. एकाच गावाच्या मातीत किती जणांचा भूतकाळ आहे, हे मुलांना तिथे उभे राहून दाखवता येते. आणि मग, वय पाहून, खैरलांजीही सांगता आली पाहिजे. जी घटना वर्गात बोलली जात नाही, ती पारावर बोलली जाते; आणि पारावर तिची कोणती बाजू सांगितली जाईल, हे शिक्षकाच्या हाती राहत नाही.

१३/ शिक्षकाच्या प्रशिक्षणाने खैरलांजी टळली असती का? इतिहासाला अशा प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि मी ते देणार नाही. इतके मात्र म्हणता येते : जमाव एका संध्याकाळी जमतो, पण त्याची तयारी अनेक वर्षे चाललेली असते. त्या वर्षांतली पुष्कळशी वर्षे मुले शाळेत काढतात.

तुमच्या शाळेत अशा विषयावर कुणी शिक्षक मोकळेपणाने बोलले होते का? आठवत असेल तर खाली जरूर लिहा.