साउथडेल : छपराखालचा चौक

वर्गात ‘मॉल’ हा शब्द आला की मी आधी लाहोरच्या माल रोडबद्दल सांगतो. उर्दूच्या मुलांनी ते नाव कथा-कादंबऱ्यांत वाचलेलं असतं, आणि मराठीच्या मुलांपैकी एखाद्याने शिमला किंवा मसुरीचा माल रोड सहलीत पाहिलेला असतो. दोन्हींचा विक्रीच्या ‘माला’शी संबंध नाही, हे ऐकून मुलांना गंमत वाटते. जुन्या काळी चेंडू आणि लाकडी हातोडा घेऊन खेळायचा ‘पॅल-मॅल’ नावाचा एक खेळ होता. लंडनमध्ये तो जिथे खेळत त्या झाडांच्या रस्त्याला ‘मॉल’ नाव पडलं. पुढे सावलीतून रमतगमत फिरायच्या कुठल्याही रस्त्याला मॉल म्हणू लागले. थोडक्यात, या शब्दात मुळात खरेदी नाहीच, फिरणं आहे.

छपराखालचा बाजारही नवा नाही. इस्तंबूलचा कापालीचार्शी सुलतान दुसरा मेहमद याच्या काळात, १४५५ च्या सुमारास सुरू झाला आणि त्याचं उत्पन्न आयासोफियाच्या वक्फला लावून दिलं होतं. दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरल्यावर लागणारा छत्ता चौक शाहजहानच्या काळातला. ऊन-पाऊस टाळून खरेदी करण्याची सोय माणसाने कित्येक शतकांपूर्वीच केली होती. मग मॉलमध्ये नवं काय? या प्रश्नाचं उत्तर मला अमेरिकेतल्या एका उपनगरी मॉलच्या मोजमापात सापडतं.

तो मॉल म्हणजे साउथडेल. मिनेसोटा राज्यातल्या मिनिॲपोलिस शहराच्या दक्षिणेला ईडायना नावाचं उपनगर आहे, तिथे ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तो उघडला. पूर्णपणे बंदिस्त, हवामान नियंत्रित असा हा अमेरिकेतला पहिला उपनगरी मॉल. आज आपण ज्याला मॉल म्हणतो त्याचा साचा इथे पडला.

आराखडा व्हिक्टर ग्रूएनचा. मूळ नाव व्हिक्टर ग्रूनबाउम, जन्म १९०३, गाव व्हिएन्ना. तो ज्यू होता. वास्तुकलेबरोबर त्याला नाटकाचं वेड होतं, राजकीय विडंबनाचे प्रयोग तो करायचा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि ग्रूएन निर्वासित होऊन न्यूयॉर्कला आला. तिथे दुकानांचे दर्शनी भाग सजवण्यापासून त्याने सुरुवात केली. १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ ‘नॉर्थलँड’ हे मोठं, पण उघड्या आकाशाखालचं खरेदी केंद्र त्याने बांधलं आणि त्याचं नाव झालं.

अमेरिकन उपनगर त्याला आवडत नव्हतं. घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक कामाला गाडी, आणि माणसाला माणूस भेटेल अशी जागाच नाही. व्हिएन्नात चौक होते, कॉफीगृहं होती, चालायला रस्ते होते. ते सगळं उपनगराच्या मधोमध आणायचं, हे त्याचं स्वप्न होतं. घर गमावलेला माणूस परक्या मुलुखात आपला मोहल्ला पुन्हा उभा करू पाहतो, ही गोष्ट आपल्या उपखंडातल्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

पैसा मात्र डेटन कंपनीचा होता. मिनिॲपोलिसच्या मध्यवस्तीत तिचं मोठं डिपार्टमेंट स्टोअर होतं. गिऱ्हाईक उपनगरात राहायला निघालं होतं, म्हणून दुकानानेही त्याच्या मागे जायचं ठरवलं. (याच कंपनीने पुढे १९६२ मध्ये ‘टार्गेट’ ही दुकानांची साखळी सुरू केली.) छपराचं कारणही व्यापारी होतं. मिनेसोटात हिवाळ्यात हाडं गोठतात आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा लागतात. आरामात खरेदी करता येईल असे दिवस वर्षाला जेमतेम सव्वाशे, असा हिशेब त्या वेळी मांडला गेला. छप्पर घातलं की वर्षाचे सगळे दिवस दुकानदाराचे.

आता आकडे. खर्च सुमारे २ कोटी डॉलर. दुकानांचं क्षेत्रफळ ८ लाख चौरस फुटांच्या आसपास. दुकानं ७२. त्यांत डेटन आणि डोनाल्डसन ही एकमेकांची प्रतिस्पर्धी मोठी दुकानं एकाच छपराखाली, हे तेव्हा नवल होतं. ग्रूएनने मॉल दुमजली केला, म्हणजे चालण्याचं अंतर निम्मं झालं. वाहनतळाची जमीन त्याने वरखाली अशी बेतली की काही गिऱ्हाइकं खालच्या मजल्यावर शिरत, काही थेट वरच्या. त्यामुळे दोन्ही मजल्यांवर वर्दळ राही.

आणि वाहनतळात जागा होती ५,२०० गाड्यांची. हा आकडा मी मुलांना फळ्यावर सोडवायला देतो. एक गाडी उभी करायची, ती आत-बाहेर काढायला वाट ठेवायची, तर साधारण ३०० चौरस फूट लागतात. गुणाकार केला की येतात १५ लाख ६० हजार चौरस फूट, म्हणजे जवळजवळ ३६ एकर. दुकानांना ८ लाख आणि गाड्यांना त्याच्या दुप्पट! ज्या माणसाला लोकांनी पायी चालावं असं वाटत होतं, त्याच्या चौकाभोवती छत्तीस एकर डांबर पसरलं. इस्तंबूलच्या बाजाराला गल्ल्या येऊन मिळतात, छत्ता चौकातून बाहेर पडलं की समोर चांदनी चौक आहे. साउथडेलला येऊन मिळत होता तो महामार्ग.

आतला चौक मात्र देखणा होता. त्याला ‘चिरवसंताचं अंगण’ अशा अर्थाचं नाव होतं. वरून उजेड येई. झाडं होती, माशांचं तळं होतं, पक्ष्यांचा उंच पिंजरा होता, हॅरी बर्टोयाने घडवलेली धातूची सोनेरी झाडं होती, कॉफी पिण्याची जागा होती. बाहेर बर्फ पडत असताना आत लोक कोट काढून बसत. उद्घाटनाला सुमारे ७५,००० माणसं आली. वर्तमानपत्रांनी कौतुकाचा पाऊस पाडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रँक लॉइड राइट हा नामांकित वास्तुकार तिथे येऊन गेला आणि त्याने नाक मुरडलं. गावातल्या रस्त्याचे सगळे दोष यात आहेत आणि गोडवा काहीच नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. राइटची जीभ तिखट होती, पण या वेळी तो फार चुकला होता असं मला वाटत नाही.

ग्रूएनच्या मूळ कागदावर दुकानं हा फक्त एक भाग होता. डेटन कंपनीने घेतलेल्या ४६३ एकरांवर त्याने घरं, शाळा, दवाखाना, उद्यान, तळं असं अख्खं गाव रेखाटलं होतं. बांधला गेला मॉल. आजूबाजूच्या जमिनीचे भाव मॉलमुळे चढले, जमिनीचे तुकडे विकले गेले आणि भोवती तेच विस्कळीत उपनगर वाढलं ज्यावर हा इलाज होता.

या साच्याच्या नकला देशभर निघाल्या, त्यामागे करकायद्याचाही हात होता. इमारत झिजते म्हणून मालकाला दरवर्षी करात सूट मिळते. १९५४ मध्ये अमेरिकेने नियम असा बदलला की नव्या बांधकामाच्या सुरुवातीच्या वर्षांतच मोठी सूट घेता यावी. सूट इमारतीवर, जमिनीवर नाही. म्हणजे जमीन जितकी स्वस्त आणि बांधकाम जितकं नवं, तितका फायदा जास्त. जुन्या शहरातली इमारत दुरुस्त करण्यापेक्षा शेतात नवी उभारणं परवडू लागलं. मॉल गिऱ्हाइकांच्या हौसेने वाढले असं आपण समजतो, पण निम्मी गोष्ट हिशेबनिसाच्या वहीत आहे.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळतो तो दुसराच प्रश्न. या चौकात कोण पोचू शकत होतं? ईडायनातल्या ‘कंट्री क्लब’ या वसाहतीची घरं १९२४ पासून अशा करारांनी विकली गेली होती की तिथे गोऱ्यांखेरीज कुणी राहू शकणार नाही, घरकामाचे नोकर तेवढे सोडून. असे करार न्यायालयाने अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण वस्ती एका निकालाने बदलत नाही. मॉलच्या दारावर पाटी लावायची गरजच नव्हती. घर मिळू न देणं आणि गाडीशिवाय पोचता न येणं, एवढं पुरेसं होतं. वंशामुळे देशोधडीला लागलेल्या माणसाने ज्या मातीवर चौक बांधला, त्या मातीची ही गोष्ट आहे.

याची किंमत कधीकधी जिवाने मोजली गेली. न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहराबाहेर वॉल्डन गॅलेरिया हा मोठा मॉल आहे. शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीतून येणाऱ्या ६ क्रमांकाच्या बसला त्याच्या आवारात थांबा नव्हता. डिसेंबर १९९५ मध्ये त्या मॉलमध्येच नोकरी करणारी १७ वर्षांची एक मुलगी, एका लहान बाळाची आई, बसमधून उतरून सात पदरी रस्ता ओलांडत होती. ट्रकने तिला धडक दिली आणि जानेवारीत ती गेली. तिच्या कुटुंबाने दावा लावला, १९९९ मध्ये तडजोड झाली. बसला आत यायची मुभा मिळाली ती अपघातानंतर.

आत पोचलेल्याला तरी काय करता येतं? आपल्या आठवडी बाजारात भाजीच्या ढिगांमधून सभेची रिक्षा कर्णा लावून फिरते, कुणी पत्रकं वाटतो, कुणी मोर्चाला निघालेला असतो. बाजार आणि सार्वजनिक बोलणं हे जुनं जोडपं आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की खरेदी केंद्र गावाच्या पेठेची जागा घेत असेल, तर तिथे कामगारांना निदर्शनं करू द्यावीत. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, पोर्टलंडच्या मॉलमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्यांच्या खटल्यात याच न्यायालयाने पाठ फिरवली आणि १९७६ मध्ये आधीचा निकाल मोडीतच काढला. राज्यांना आपापल्या घटनेनुसार जास्त मोकळीक देता येते, कॅलिफोर्नियाने ती दिली. मिनेसोटाने दिली नाही.

मिनेसोटाचा तो निकाल १९९९ चा आणि खटला ‘मॉल ऑफ अमेरिका’चा. साउथडेलपासून काही मैलांवर, ब्लूमिंग्टनमध्ये, एक खेळाचं स्टेडियम पाडून १९९२ मध्ये हा मॉल उघडला. बांधणारं गेर्मेझियन कुटुंब तेहरानहून कॅनडाला गेलेलं, गालिच्यांच्या व्यापारातलं, ज्यू. एडमंटनचा अवाढव्य मॉल आधी त्यांनीच उभा केला होता. साउथडेल जिथे ८ लाख चौरस फुटांचा, तिथे हा उघडतानाच ४० लाखांच्या पुढे. आत अख्खं मनोरंजन उद्यान, झुले, पाळणे. फरच्या कपड्यांविरुद्ध घोषणा देणाऱ्यांना १९९६ मध्ये तिथून बाहेर काढलं गेलं, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉलची बाजू घेतली. सार्वजनिक पैशाची मदत घेतली असली तरी मालकी खासगी, म्हणून भाषणस्वातंत्र्याचा हक्क तिथे लागू नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्लॅक लाइव्ज मॅटर’वाले त्याच मॉलच्या मधल्या चौकात हजारोंनी जमले, तेव्हा आयोजकांवर खटले भरले गेले. त्यांतले मुख्य आरोप पुढे टिकले नाहीत.

आपल्याकडे हे दुरून पाहायची गरज नाही. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये ‘क्रॉसरोड्स’ उघडला, तेव्हा सुरुवातीच्या काळात मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच थेट प्रवेश होता, बाकीच्यांना प्रवेशशुल्क. पुढे ते बंद झालं. पण फाटक्या चपलेच्या माणसाचा पाय त्या काचेच्या दारापाशी अजूनही अडखळतो. त्यासाठी शुल्काची पाटी लागत नाही, दारावरच्या पहारेकऱ्याची एक नजर पुरते.

ग्रूएन १९६८ मध्ये व्हिएन्नाला परतला. तिथेही त्याचं नशीब त्याच्या आधी पोचत होतं. १९७६ मध्ये व्हिएन्नाच्या दक्षिणेला ‘शॉपिंग सिटी झ्यूड’ नावाचा अमेरिकन धाटणीचा प्रचंड मॉल उघडला, आणि ज्या पेठांच्या आठवणीवर त्याने साउथडेल रचला होता त्यांचीच गिऱ्हाइकं तिकडे वळायची भीती त्याला दिसू लागली. १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने मॉलचं पितृत्व नाकारलं. आपल्या कल्पनेची बिल्डरांनी वाट लावली, असा त्याचा राग होता. तो खरा होता, पण मला अर्धवट वाटतो. छत्तीस एकराचा वाहनतळ काही बिल्डरांनी त्याच्या मागून चोरून घातला नव्हता, त्याच्या नकाशात तो पहिल्यापासून होता. १९८० मध्ये तो वारला.

साउथडेल अजून उभा आहे. पक्ष्यांचा पिंजरा गेला, बर्टोयाची झाडं आहेत. मधल्या काळात अमेरिकेतले कितीतरी मॉल ओस पडले, पाडले गेले. नॉर्थलँडही २०१५ मध्ये बंद झाला. साउथडेलनेही एक मोठं दुकान गमावलं, त्या जागी २०१९ मध्ये व्यायामशाळा आली. २०१४ च्या सुमारास वाहनतळाच्या एका कोपऱ्यात भाड्याच्या सदनिका उभ्या राहिल्या, मग हॉटेल आलं. घरं आली म्हणजे चालत येणारी माणसं आली. सगळी जमीन अजून खासगीच आहे, आणि त्या सदनिकांचं भाडं साध्या दुकान-कामगाराला परवडण्यासारखं नाही. शहरातून येणाऱ्या बसचं स्थानक मात्र मॉलच्या आवारातच आहे.